किल्ट पहिल्यांदाच घालणाऱ्यांनी आधी काय वाचावं?

गंगापूर_रोड

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका शाळेच्या पाईप बँडसाठी १६ किल्ट, म्हणजे कंबरेला गुंडाळायचे निऱ्यांचे स्कॉटिश पोशाख, आले आहेत. घालणारी मुलं-मुली आठवी-नववीतली आहेत आणि यातल्या कुणीही आजवर किल्ट अंगाला लावलेला नाही. २६ जानेवारीच्या संचलनाला ते घालून उभं राहायचं आहे. कापड लोकरीचं आहे, चिठ्ठीवर १३ औंस लिहिलंय. निऱ्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे तिरपे टाके आहेत, ते काढायचे की ठेवायचे हेही कुणाला ठाऊक नाही.

जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. एक, मुलांना शिकवणाऱ्या दोघा शिक्षकांनी आधी काय वाचावं आणि कोणत्या क्रमाने. दोन, मापं घेताना आणि नेसवताना नेमकं काय चुकतं. तीन, एका पालकांनी विचारलं की हे चौकटीचं कापड एखाद्या स्कॉटिश घराण्याचं असेल तर आपल्या मुलांनी ते घालणं बरं दिसतं का? त्यांना नीट, खरं उत्तर द्यायचं आहे. इंटरनेटवर उलटसुलट लिहिलेलं सापडतं, त्यातलं धरायचं काय तेच कळेना.

पानोपानी

सर, इथे वाचनाचा क्रमच खरा महत्त्वाचा. इतिहास आधी वाचला की डोक्यात कुळं आणि लढाया भरतात, आणि किल्ट कंबरेवर नेमका कुठे बसतो ते बाजूला राहतं. म्हणून सुरुवात वापराच्या पुस्तकाने करा. जे. चार्ल्स थॉम्पसन यांचं 'सो यू आर गोइंग टू वेअर द किल्ट' हे छोटेखानी पुस्तक नेमकं नवख्यांसाठीच आहे. जुनं आहे, त्यामुळे खरेदीविषयीचा भाग सोडून द्या. काय कशावर घालायचं, कधी घालायचं, कुठे ढिलं सोडायचं, यातलं फारसं काही बदललेलं नाही. दोघा शिक्षकांनी दोन संध्याकाळी दिल्या तर वाचून होईल. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मागवावं लागेल, म्हणून आजच शोधायला लागा.

दुसरं 'द आर्ट ऑफ किल्टमेकिंग', बार्बरा ट्यूक्सबरी आणि एल्सी स्टूमायर यांचं, २००१ सालचं. हे शिवणाऱ्यांसाठी आहे, पण मी ते न शिवणाऱ्यांनाही आग्रहाने सांगतो. आतून निऱ्या कशा बसवल्या आहेत हे एकदा कळलं की किल्ट टांगायचा कसा, इस्त्री कुठे थांबवायची, बकल किती हलवता येतं याची उत्तरं आपोआप सुचतात. सगळं वाचायची गरज नाही. मापांचा आणि निऱ्यांच्या आखणीचा भाग शिक्षकांनी वाचावा, उरलेलं तुमच्या शिंप्याला द्यावं.

घराण्यांचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर. किल्टच्या रंगीत चौकटींच्या नमुन्याला टार्टन म्हणतात. इथे सर्वांत उपयोगाची जागा म्हणजे स्कॉटलंडची सरकारी टार्टन नोंदवही. २००८ च्या कायद्याने ती स्थापन झाली, फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली आणि स्कॉटलंडचं राष्ट्रीय दफ्तरखानं ती सांभाळतं. संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं, प्रत्येक नमुन्याला क्रमांक असतो. तुमच्या कापडाचं नाव चिठ्ठीवर असेल तर तिथे मिळवून बघा.

पालकांना असं सांगा: टार्टन कुणी घालावं यावर कायद्याचं बंधन नाही. काही नमुन्यांबाबत संकेत पाळला जातो. बाल्मोरल नावाचं करडं टार्टन राजघराण्यापुरतं मानतात, त्याला हात लावू नये. 'ब्लॅक वॉच', म्हणजे गडद निळा, हिरवा आणि काळा, हे सरकारी फौजेचं टार्टन, आणि ते कुणीही घालतं. लाल 'रॉयल स्टुअर्ट' जगभरच्या बँडांच्या अंगावर दिसतं. बँडसाठी या दोन्हींत कुणाला अवघडल्यासारखं व्हायचं कारण नाही.

आता इतिहास. जॉन टेल्फर डनबार यांचं 'हिस्टरी ऑफ हायलँड ड्रेस' (१९६२) जाडजूड आहे, पण पुराव्याला धरून लिहिलेलं आहे. नमुन्यांसाठी डी. सी. स्टुअर्ट यांचं 'द सेट्स ऑफ द स्कॉटिश टार्टन्स' (१९५०). हे दोन्ही शाळेच्या कपाटात असले तर उत्तम, नसले तरी २६ जानेवारी अडत नाही.

एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर १८४२ सालचं 'वेस्टिएरियम स्कॉटिकम' फुकट आणि रंगीत मिळतं. दिसायला फार देखणं आहे. स्वतःला स्टुअर्ट राजांचे वंशज म्हणवणाऱ्या दोघा भावांनी ते प्राचीन हस्तलिखित म्हणून पुढे आणलं आणि पुढे ते बनावट ठरलं. वर सांगितलेले स्टुअर्ट आणि थॉम्पसन या दोघांनी मिळून १९८० साली त्याच्यावरच एक पुस्तक लिहिलंय, 'स्कॉटलंड्स फोर्ज्ड टार्टन्स'. गंमत अशी की त्या बनावट पुस्तकातली कित्येक टार्टनं आज त्या त्या घराण्यांनी मनापासून आपलीशी केली आहेत. म्हणून 'खरं' आणि 'प्राचीन' हे दोन शब्द मुलांना वेगवेगळे शिकवा.

काजे_बटण

पानोपानी यांनी पुस्तकं छान सांगितली. मापांचं मी लिहितो, कारण नव्या किल्टची बहुतेक दुखणी मापातूनच येतात.

पहिली चूक: पँटची कंबर लिहून देणं. पँट बसते खाली, हाडावर. किल्ट बसतो बेंबीच्या पातळीवर, त्याची वरची कड तर बेंबीच्याही इंचभर वर जाते. मुलाची पँट २८ ची आहे म्हणून किल्ट २८ चा, असं होत नाही. पातळ शर्टावरून टेप लावा, श्वास रोखायला लावू नका, टेप आवळू नका. दुसरं माप सीटचं, सर्वांत रुंद जागी. तिसरं लांबीचं: मुलाला गुडघ्यांवर ताठ उभं करायचं आणि किल्टची वरची कड जिथे येणार तिथून जमिनीपर्यंत मोजायचं, त्यातून एक इंच वजा. तयार किल्ट घालून गुडघ्यावर बसवलं की खालची कड जमिनीपासून इंचभर वर राहिली पाहिजे. जमिनीला टेकली तर तो लांब आहे, किंवा मुलाने तो खाली बांधलाय. बहुतेक वेळा दुसरंच निघतं.

आता आतली रचना. आपल्याकडे नऊवारी सगळ्यांना कळते, तिथूनच सांगतो. पूर्ण किल्ट आठ वारांचा. दुप्पट पन्ह्याचं चार वार कापड उभं मधोमध फाडून जोडलं की आठ वार होतात. नऊवारीच्या निऱ्या रोज नव्याने घालाव्या लागतात आणि त्या पुढे येतात. किल्टच्या निऱ्या कायमच्या शिवलेल्या आणि मागे. पुढे दोन सपाट पदर एकावर एक. वरचा पदर दिसतो, खालचा झाकलेला असतो.

हिशेब मांडतो. समजा कंबर ३४, सीट ४०, आणि नमुना दर ८ इंचांनी पुन्हा येतो. साधारण निम्मं माप पुढच्या पदराला, निम्मं मागच्या निऱ्यांना. म्हणजे मागे सीटला २० इंच, कंबरेला १७. एका निरीत एक पूर्ण नमुना दुमडायचा, तर २७ निऱ्यांना २१६ इंच कापड गेलं. दोन्ही पदर आणि त्यांच्या कडेच्या खोल निऱ्या मिळून ७० इंच धरा. झाले २८६, आणि आठ वार म्हणजे २८८. सीटपाशी प्रत्येक निरी पाऊण इंचाला किंचित कमी दिसते आणि कंबरेला साधारण ०.६३ इंच. म्हणजे एका निरीत फक्त एक नवमांश इंच निमुळतेपणा, पण २७ निऱ्या मिळून पुरे तीन इंच. निमुळता करताना एका निरीत टाका जरा इकडेतिकडे गेला की मागून चौकट तिरकी दिसते. म्हणून हे हाताने शिवतात आणि म्हणूनच महाग असतं.

वरून साधारण एक तृतीयांश लांबीपर्यंत निऱ्या शिवलेल्या असतात. २४ इंच लांबी असेल तर वरचे ८ इंच. त्याखाली निऱ्या मोकळ्या. आतून बकरम आणि सुती अस्तर. शिवलेल्या भागात आतलं जादा कापड कापून काढलेलं असतं, नाहीतर कंबरेवर उशी बांधल्यासारखं होईल. हे लक्षात ठेवा: आतलं कापड कापलेलं असल्यामुळे किल्ट उसवून मोठा करता येत नाही.

आणि खाली दुमड नसते. खालची कड ही कापडाची मूळ काठ असते, कारण दुमड घातली तर निऱ्यांच्या तळाला जाडी येते आणि त्या फुलून उभ्या राहतात. त्यामुळे मूल उंच झालं म्हणून लांबी सोडवून देऊ असं चालणार नाही. शाळेने किल्ट मुलाच्या नावाने न ठेवता मापाच्या नावाने ठेवावेत. अस्तरावर कंबर आणि लांबी कापडी पट्टीवर लिहून टाचा, दर जूनमध्ये मापं घ्या आणि किल्ट अदलाबदल करा. रुंदीत मात्र थोडी सोय असते. पट्ट्याच्या भोकांत साधारण दोन इंच मिळतात आणि बकल सरकवून आणखी थोडं. सरकवायचं तर दोन्ही बाजूंना सारखं सरकवा. एकाच बाजूने ढिलं केलंत तर पुढची मधली रेघ बेंबीवरून ढळते.

पांढऱ्या तिरप्या टाक्यांचं. निऱ्यांच्या मोकळ्या भागावर जे लांब, कच्चे टाके आहेत ते प्रवासात घडी मोडू नये म्हणून घातलेले असतात. घालण्याआधी काढायचे. टोकदार कात्रीने दर तीन-चार इंचांवर दोरा कापा आणि तुकडे ओढून घ्या. अख्खा दोरा एका टोकाने खेचलात तर लोकरीचे धागे सरकतात. शिवलेल्या भागातले बारीक टाके कापडाच्या रंगाचे असतात, त्यांना अजिबात हात लावू नका. आणि काढलेले टाके कुठून कुठे गेले होते त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे इस्त्रीच्या वेळी तसेच पुन्हा घालायचे आहेत.

ड्रोन_आणि_चँटर

नेसवण्याचं सांगतो. हे वाचून एकदा आणि आरशासमोर चार वेळा, असं करायला लावा.

आधी शर्ट, मग मोजे, मग बूट. किल्ट त्यानंतर. किल्ट घालून बुटाच्या नाड्या बांधायला वाकलं की शर्टही सुटतो आणि निऱ्याही चुरगळतात. आत काय घालायचं यावर स्कॉटलंडमध्ये थट्टा भरपूर चालते. शाळेत नियम स्पष्ट हवा: काळी किंवा गडद, मांडीला घट्ट बसणारी शॉर्ट सर्वांनी घालायची. मार्च करताना, वाऱ्यात आणि बसताना मूल निश्चिंत राहिलं पाहिजे, आणि किल्ट अदलाबदलीत जाणार असल्याने स्वच्छतेसाठीही ते आवश्यक आहे.

किल्ट पाठीमागे धरायचा, निऱ्यांचा मध्य मणक्यावर. उजवीकडून आलेला आतला पदर पोटावरून डावीकडे न्यायचा. त्याचा पट्टा डाव्या बाजूच्या चिरेतून बाहेर काढून तिथल्या बकलमध्ये अडकवायचा. मुलं ही चीर हमखास विसरतात आणि पट्टा आतच राहतो, मग तासाभराने आतला पदर घसरून खाली डोकावतो. आता डावीकडून वरचा पदर उजवीकडे आणायचा आणि उजवीकडचं वरचं बकल लावायचं. सीटपाशी तिसरं बकल असेल तर ते नुसतं टेकवायचं. आवळलं की निऱ्या उघडतात आणि मागून पंख्यासारख्या दिसतात.

वरच्या पदराच्या कडेची झालर उजव्या हाताला दिसली पाहिजे. ती डावीकडे असेल तर किल्ट उलटा गुंडाळलाय. मुलींच्या घागऱ्यासारख्या तयार स्कर्टांत पदर डावीकडे उघडतो, पण बँडच्या गणवेशात सर्वांचा एकसारखा उजवीकडेच ठेवा.

पिनविषयी. पिन फक्त वरच्या पदराला, खालून चारेक इंच वर आणि झालरीपासून दोनेक इंच आत. दोन्ही पदर मिळून टोचली तर पहिल्याच लांब पावलाला कापड फाटतं. ही चूक इतकी होते की परेडआधी प्रत्येकाची पिन हाताने तपासा. पिनचं काम दोन पदर जोडण्याचं नाही, वरच्या पदराला थोडं वजन देण्याचं आहे.

स्पोरन, म्हणजे पुढची चामडी पिशवी: बेल्टच्या बकलखाली चार बोटं अंतर. त्याहून खाली गेली तर चालताना मांडीवर आपटते, वर गेली तर पोटाला चिकटते. साखळी मागच्या दोन फासांतून जाते. फार ढिली ठेवू नका. समोर ड्रम लटकवणाऱ्यांनी स्पोरन डाव्या-उजव्या कुल्ल्यावर फिरवावी किंवा बँडने ठरवून ड्रमवाल्यांना ती देऊच नये, नाहीतर ड्रमची कड आणि चामडं दोन्ही घासतात.

मोजे गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर दुमडायचे. गुडघ्याला टेकलेले मोजे किल्टची सगळी रेघ बिघडवतात. दुमडीच्या आत इलास्टिकचा पट्टा, त्याच्या रंगीत फिती नडगीच्या बाहेरच्या अंगाला, दीड-दोन इंच बाहेर. बरोबर समोर नकोत, मागे तर नकोच. इलास्टिक घट्ट असेल तर अर्ध्या तासात पाय बधिर होतो. दोन बोटं आत सरकतील इतकंच घट्ट हवं.

आता रांगेचं. एकट्याचा किल्ट अर्धा इंच वरखाली असला तर कुणाला कळत नाही. १६ जण ओळीत उभे राहिले की लगेच दिसतं. मोजायचं ते जमिनीपासून नाही, प्रत्येकाच्या गुडघ्यापासून: खालची कड वाटीच्या मध्याला. शिक्षकाने एका टोकाला उकिडवं बसून ओळीकडे बघावं, आणि ज्याची कड वेगळी दिसेल त्याची आधी कंबर बघावी. दहातल्या नऊ वेळा किल्ट घसरलेला असतो, कमी-जास्त लांबीचा नसतो.

बसताना दोन्ही तळहातांची मागची बाजू निऱ्यांवरून खाली फिरवत बसायचं, जशा साडीच्या निऱ्या सावरतात. टेम्पोत किंवा बसमध्ये १६ जण निऱ्यांवर आडवेतिडवे बसून परेड ग्राउंडवर पोचले तर सकाळची सगळी इस्त्री वाया. शक्य असेल तर किल्ट तिथे जाऊनच घालायचे.

येवला_माग

पालकांच्या प्रश्नाला मागावरच्या बाजूने थोडी भर. टार्टन म्हणजे कोणतंही चौकटीचं कापड नव्हे. ताण्यात रंगांचा जो क्रम आणि जितके धागे, तोच क्रम आणि तितकेच धागे बाण्यात. विणकाम ट्विलचं, दोन वर दोन खाली, त्यामुळे ४५ अंशांची तिरपी रेघ येते. ताण्याचा आणि बाण्याचा रंग एक असेल तिथे शुद्ध रंग, दोन वेगळे भेटतात तिथे मिश्र छटा. म्हणून दोन रंगांतून तीन छटा मिळतात आणि सहा रंगांतून २१.

नमुना असा लिहितात, नुसतं समजण्यासाठी माझं उदाहरण: निळा २४, काळा ४, निळा ४, काळा २४, हिरवा २४. दोन टोकांचे रंग हे वळणाचे. तिथे पोचलं की क्रम उलटा फिरतो, टोकाचा पट्टा दोनदा मोजायचा नाही. येवल्यात काठाची नक्षी आरशासारखी फिरवताना करतात तसंच हे. हे एकदा समजलं की कोणत्याही पुस्तकातला नमुना वाचता येतो, चित्र नसलं तरी. सर्वांत सोपं 'रॉब रॉय': लाल आणि काळा, सारख्या रुंदीचे, बस. मुलांना वहीत चौकटी आखून तो रंगवायला लावा, ट्विलसकट. एका तासिकेत टार्टन म्हणजे काय ते हातातून डोक्यात जाईल.

निऱ्या घालायच्या दोन रीती असतात. एकीत मागूनही पूर्ण चौकट जुळून येते, बंद निऱ्यांत जणू सपाट कापडच आहे. दुसरीत प्रत्येक निरीवर एकच ठळक रेघ येते, चालताना मध्ये दडलेला रंग झळकतो. फौजी बँड दुसरी पसंत करतात. तुमचे कोणते आहेत ते मागून बघा, कारण इस्त्री करताना हीच रेघ तुमची खूण असते. प्रत्येक निरीच्या कडेपासून ती सारख्या अंतरावर आली की निरी सरळ.

स्वस्त म्हणून ॲक्रिलिकचे किल्ट घ्यायचा मोह होतो. दुरून चांगले दिसतात. पण त्यांत वजन नसल्यामुळे निऱ्या झुलत नाहीत, उन्हात हवा खेळत नाही आणि इस्त्री जरा गरम झाली की कापड चकाकतं, मग वितळतं. वाराला १३ औंस वजनाची लोकर हा तुमच्यासाठी चांगला मध्य आहे. पूर्ण आठवारी असेल तर दुप्पट पन्ह्याचे चार वार गुणिले १३ म्हणजे ५२ औंस, साधारण दीड किलो. १६ औंसाचा पावणेदोन किलोंच्या वर जातो. निऱ्या अधिक सुंदर पडतात खऱ्या, पण आपल्या एप्रिलमध्ये तेवढं वजन मुलांनी वागवू नये.

गंगापूर_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. शिक्षकांना हा धागा छापून देतोय. काजे-बटणकाका, टाके तुम्ही सांगितले तसे काढायला सांगितले आहेत, फोटोही काढले.

दोन शंका राहिल्या. मुलांपैकी एकाने वाचून आणलं की किल्ट स्कॉटिश नाहीच, एका इंग्रज कारखानदाराने तो शोधला. हे वर्गात सांगावं का? आणि पावसाळ्यात हे किल्ट कसे सांभाळायचे? गणपतीच्या मिरवणुकीत भिजण्याची शक्यता आहेच.

पानोपानी

त्या मुलाने वाचलेलं पूर्ण चूक नाही, पण अर्धंच आहे. हा दावा प्रसिद्ध झाला तो १९८३ च्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या संग्रहातल्या ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्या लेखामुळे. लेख वाचावा असाच आहे, फक्त पहिला वाचू नये. थॉमस रॉलिन्सन हा इंग्लंडमधल्या लँकेशरचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा लोखंड कारखानदार १७२० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लेनगॅरीत भट्टी चालवत होता, आणि कामगारांना सोयीचं व्हावं म्हणून त्याने लांब वस्त्राचा खालचा भाग वेगळा केला, अशी ती हकिकत. तिचा मुख्य आधार म्हणजे १७८५ मध्ये छापलेलं एक पत्र. घटनेनंतर दोन पिढ्यांनी छापलेल्या एका पत्रावर केवढा भार द्यायचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

वर्गात असं सांगा: आधी होता मोठा किल्ट, फेले मोर, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून. कापडाचा लांब पट्टा, जमिनीवर पसरून निऱ्या घालायच्या, खाली पट्टा ठेवायचा, वर झोपून गुंडाळायचं आणि उरलेलं खांद्यावर घ्यायचं. धोतर-उपरणं एकाच कापडात केलं तर काय होईल, ते मुलांना चटकन कळेल. त्याचा फक्त कंबरेखालचा भाग म्हणजे फेले बेग, छोटा किल्ट, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आजचा शिवलेल्या निऱ्यांचा किल्ट हा त्याचा वंशज.

पुढचं मात्र कागदोपत्री पक्कं आहे. कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट राजांच्या बाजूचं बंड मोडल्यानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख बंद झाला, अंमल १ ऑगस्ट १७४७ पासून. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार काळं पाणी. फौजेला सूट होती, म्हणून किल्ट पलटणींत जगला आणि पलटणींबरोबरच पाईप बँड हिंदुस्थानात आला. बंदी उठली १७८२ मध्ये. घराण्यागणिक ठरलेलं टार्टन ही कल्पना त्याहून पुढची. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये घराण्यांच्या प्रमुखांकडून नमुने मागवायला सुरुवात केली आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या आखणीखाली, सगळे टार्टन घालून जमले. डेव्हिड मॉरियरचं कलोडनचं जे चित्र आहे त्यात एकाच माणसाच्या अंगावर वेगवेगळी टार्टनं दिसतात. ते चित्र वर्गात दाखवा. पालकांच्या शंकेलाही त्याहून चांगलं उत्तर नाही.

काजे_बटण

पावसाचं. लोकर भिजल्याने बिघडत नाही, भिजल्यानंतर आपण जे करतो त्याने बिघडते. पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही, हीटरसमोर धरायचा नाही, ओल्यावर इस्त्री नाही. झटकून, निऱ्या हाताने ओळीत आणून, कंबरेच्या पट्टीला चार चिमटे लावून सावलीत पंख्याखाली टांगा. दोन चिमटे लावले तर मधला भाग लोंबतो आणि कंबर ताणली जाते. पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतील. शिवलेला भाग सर्वांत उशिरा वाळतो, अस्तर हाताला गार लागत असेल तर अजून ओल आहे. चिखल ओला असताना पुसू नका, वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा.

इस्त्री. टेबलावर किल्ट उलगडा, निऱ्या एकेक रेघ जुळवून लावा आणि काढलेले पांढरे टाके फोटोप्रमाणे पुन्हा घाला: तळापासून दोन इंचांवर एक ओळ, मध्ये एक, शिवण संपते त्याच्या थोडी खाली एक. वर ओलसर सुती फडकं. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची. सरकवायची नाही, सरकवली की निरी तिरपी होऊन तशीच बसते. शिवलेल्या भागावर दाब देऊ नका, आतल्या कापलेल्या कडांचे वळ वर उमटतात. दाबल्यावर रात्रभर तसंच सपाट राहू द्या, टाके सकाळी काढा. वाफ जिरण्याआधी उचलला तर सगळी मेहनत जाते.

ड्रायक्लीन वर्षातून एकदा पुरे, तेही डाग असतील तर. प्रत्येक वापरानंतर दोन तास वाऱ्यावर टांगणं त्याहून मोलाचं, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नको, जुलै-ऑगस्टच्या दमटपणात आत बुरशी धरते. जुन्या सुती चादरीच्या पिशव्या शिवून घ्या. डांबरगोळ्या फडक्यात बांधून कपाटात वर टांगा, कापडाला थेट लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असेल तरच ठेवा. आणि दर महिन्याला एकदा कपाट उघडून निऱ्यांच्या आत बघा. कसर बाहेरून दिसत नाही, ती निऱ्यांच्या पोटात बसते.

ड्रोन_आणि_चँटर

मिरवणुकीचं एक राहिलं. पाऊस असेल तर मोज्यांचा दुसरा जोड प्रत्येकाच्या दप्तरात. ओले लोकरी मोजे ताणून घसरतात, इलास्टिक आवळून ते थांबवायला गेलात तर पायाला वळ पडतो. आणि दाखवायची छोटी सुरी, स्कीअन डू, मुलांना देऊच नका. मोज्यात बसवायची मूठ हवी असेल तर पात्याशिवायची, नुसत्या मुठीची मिळते. ब्रिटनमध्ये पारंपरिक पोशाखाचा भाग म्हणून तिला कायद्यात सूट आहे, ती तिथली. आपल्या मिरवणुकीत तिचं काही काम नाही.

गंगापूर_रोड

नुसत्या मुठीही नकोत असं ठरवलं. आज १६ जणांची मापं घेतली, गुडघ्यावर बसवून. तीन किल्ट लांब वाटत होते. काकांनी सांगितलं तसं आधी कंबर पाहिली, तर तिन्ही पँटच्या जागी बांधलेले निघाले. वर घेतल्यावर कड वाटीच्या मध्यावर आली. एकाचा पट्टा चिरेतून बाहेर काढायचा राहिला होता.

एकच किल्ट खरोखर दीड इंच लांब आहे. तो कुणासाठी ठेवायचा ते जूनमध्ये पाहू, तोवर अस्तरावर माप टाचून सुती पिशवीत.